प्रश्न तुमचे : दुखण्यावर लेसरचा प्रकाश

कमी शक्तीच्या लेसर उपचाराविषयी, म्हणजे ज्याला दवाखान्यांत 'कोल्ड लेसर' किंवा 'थंड लेसर' म्हणतात त्याविषयी, वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या खासगीपणासाठी दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय 62 असून दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. फिजिओथेरपिस्टने लेसरच्या सिटिंग सुचवल्या आणि त्यांपैकी काही झाल्याही. परंतु प्रोब गुडघ्यावर टेकवल्यावर ना ऊब जाणवते, ना मुंग्या, ना काही. शेक घेतल्यावर निदान बरे तरी वाटते. हा खरोखर उपचार आहे, की नुसता टॉर्च मारल्यासारखे आहे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. लेसर म्हटले की कापणारे, जाळणारे किरण डोळ्यांसमोर येतात आणि शस्त्रक्रियेतील लेसर तसा असतोही. कमी शक्तीच्या उपचारात मात्र प्रकाश मुद्दामच इतका सौम्य ठेवतात की त्वचेचे आणि आतील ऊतींचे तापमान फारसे वाढू नये. त्यामुळे काहीच न जाणवणे हे येथे अपेक्षितच आहे. शेक आणि लेसर यांची वाटच वेगळी असल्याने एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याची परीक्षा करता येत नाही.

प्रकाश आत जातो का, हे घरीच पाहता येईल. अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर तळहात ठेवला की बोटांच्या कडा लालभडक उजळतात. निळा व हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन आणि त्वचेतील रंगद्रव्य शोषून घेतात, लाल प्रकाश मात्र बऱ्यापैकी पार होतो. लालच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहूनही खोल जातो. मात्र साधारण 950 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे ऊतींतील पाणी तो अधिकाधिक शोषू लागते. म्हणून उपचाराची यंत्रे बहुधा 630 ते 670 नॅनोमीटरचा लाल किंवा 780 ते 905 नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश देतात. खोल जातो म्हणजे सगळाच जातो असे मात्र नव्हे. त्वचेच्या पहिल्या काही मिलिमीटरांतच त्याचा मोठा भाग विखुरतो आणि सांध्यापर्यंत पोहोचतो तो थोडासाच अंश.

हा अंश आत काय करतो, याविषयीचा सर्वाधिक मान्य विचार असा आहे. पेशींतील मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर असते आणि पेशीच्या श्वसनसाखळीतील शेवटचा टप्पा ते पार पाडते. दुखावलेल्या पेशीत नायट्रिक ऑक्साइड या विकराला चिकटून त्याचे काम मंदावते. प्रकाश शोषला गेला की नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि पेशीची ऊर्जा असलेल्या एटीपीची निर्मिती पुन्हा वेग घेते, असे मानले जाते. त्यामागोमाग दाह कमी करणारे व दुरुस्तीला चालना देणारे संदेश सुरू होतात. वेदनेच्या बाबतीत आणखी एक परिणाम सांगितला जातो : पुरेशी मात्रा दिल्यास वेदना वाहणाऱ्या बारीक मज्जातंतूंतील संदेशवहन तात्पुरते मंदावते. प्रयोगशाळेतील पुरावा यांपैकी बऱ्याच गोष्टींना आधार देतो, तरी अखेरचा निवाडा रुग्णांवरील चाचण्यांनीच करायचा असतो.

या शाखेची सुरुवातही प्रयोगशाळेतच झाली. थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये पहिला लेसर, माणकाचा, तयार केला. त्यानंतर काही वर्षांतच, 1967 च्या सुमारास, बुडापेस्टमधील शल्यविशारद एंद्रे मेस्टर यांनी केस भादरलेल्या उंदरांवर सौम्य माणिक-लेसरचा प्रयोग केला. त्यांना अपाय तर दिसला नाहीच, उलट लेसर दिलेल्या उंदरांच्या अंगावर केस लवकर उगवलेले दिसले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या त्वचेच्या जखमांवर हाच प्रकाश वापरून पाहिला.

आता आपल्या गुडघ्याकडे येऊ. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात गुडघ्याच्या झिजेवरील 22 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर लेसर गटातील दुखणे खोट्या उपचाराच्या गटापेक्षा सरासरी सुमारे 14 मिलिमीटरने अधिक कमी झालेले आढळले. शिफारस केलेली मात्रा ज्या चाचण्यांत पाळली होती, त्यांत हा फरक आणखी मोठा होता. अवरक्त प्रकाश दिसतही नाही आणि जाणवतही नाही, त्यामुळे बंद प्रोब टेकवून रुग्णाला अनभिज्ञ ठेवणे या चाचण्यांत सोपे जाते. आपल्याला काहीच जाणवत नाही ही आपली तक्रार संशोधकांना सोयीचीच ठरते!

याच्या उलट बाजूला ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने झिजेच्या संधिवातावरील 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत लेसरसह सर्वच विद्युत-उपचार देऊ नयेत, पुरावा अपुरा आहे, असे म्हटले आहे. एकच पुरावा पाहून दोन जाणकार वेगळे निष्कर्ष का काढतात? चाचण्या लहान आहेत, प्रत्येकीत तरंगलांबी आणि मात्रा निराळी आहे, आणि त्या सगळ्यांची सरासरी काढायची की मात्रेनुसार वर्गवारी करायची यावर निकाल बदलतो. मला मात्रेनुसार वर्गवारी करणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण औषधाच्या गोळीचेही मूल्यमापन आपण तसेच करतो.

तेव्हा सिटिंग चालू ठेवण्यास हरकत नाही, पण दोन अटींवर. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि आवश्यक असल्यास वजन कमी करणे यांची जागा लेसर घेऊ शकत नाही. झिजलेली कूर्चा त्याने पुन्हा तयार होते असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. दुसरे म्हणजे सुरुवातीलाच दुखण्याला दहापैकी गुण देऊन ठेवा, जिना चढणे आणि खाली बसून उठणे किती जमते तेही लिहून ठेवा. तीन-चार आठवड्यांच्या उपचारानंतर त्यात काहीच फरक नसेल, तर पुढच्या सिटिंगचा आग्रह कोणी करू नये आणि आपणही धरू नये.

प्रश्न : माझ्या कोपराला 'टेनिस एल्बो' आहे. घरी वापरण्यासाठी यंत्र घ्यावे असा विचार आहे. जाहिरातींत कोठे मिलिवॅट, कोठे वॅट, कोठे ज्यूल, कोठे फक्त 'शंभर दिव्यांचा पट्टा' असे लिहिलेले असते. जास्त वॅटचे यंत्र अधिक चांगले का? आणि लेसरऐवजी एलईडी चालेल का?

उत्तर : हे पत्र वाचून आनंद झाला, कारण या उपचाराचे सारे यशापयश ज्या आकड्यांत दडलेले आहे, त्यांच्याविषयी क्वचितच कोणी विचारते.

वॅट ही शक्ती आहे, म्हणजे ऊर्जा किती वेगाने बाहेर पडते ते सांगणारे माप. ज्यूल ही प्रत्यक्ष पोहोचलेली ऊर्जा. शक्तीला सेकंदांनी गुणले की ज्यूल मिळतात. समजा, प्रोब 100 मिलिवॅटचा, म्हणजे 0.1 वॅटचा आहे आणि तो एका बिंदूवर 60 सेकंद धरला, तर तेथे 6 ज्यूल ऊर्जा दिली गेली. तोच प्रोब 10 सेकंदांत उचलला तर मिळतो अवघा 1 ज्यूल. 5 मिलिवॅटच्या पॉइंटरसारख्या उपकरणाने 6 ज्यूल द्यायचे म्हटले तर एकेका बिंदूवर 20 मिनिटे बसावे लागेल, आणि तेही प्रकाश त्वचेवरून परावर्तित होऊन वाया गेला नाही असे धरून. गुडघ्यासाठी शिफारस केली जाते ती साधारण 780 ते 860 नॅनोमीटरच्या लेसरने प्रत्येक बिंदूस 4 ते 8 ज्यूल आणि 904 नॅनोमीटरच्या स्पंदित लेसरने 1 ते 3 ज्यूल. कोपरासारख्या, त्वचेलगत असलेल्या स्नायुबंधासाठी त्याहून कमी ऊर्जा पुरते.

प्रत्यक्ष उपचार करताना प्रशिक्षित हात काय करतो तेही पाहण्यासारखे असते. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाशी अंगठ्याने दाबत दाबत नेमका दुखरा बिंदू आधी शोधला जातो. प्रोब त्वचेला काटकोनात टेकवून किंचित दाबून धरला जातो. दाबामुळे तेथील रक्त बाजूला सरते, ऊतींचा थर पातळ होतो आणि प्रकाश अधिक खोल जातो. मग सेकंद मोजून तो पुढच्या बिंदूवर सरकवतात. प्रोब हवेत तरंगत धरून इकडून तिकडे फिरवला जात असेल, तर यंत्रावर दिसणारे ज्यूल आणि कोपरात पोहोचलेले ज्यूल यांचा मेळ बसणार नाही. टेनिस एल्बोच्या चाचण्यांच्या 2008 मधील एका आढाव्यात 904 नॅनोमीटरचा लेसर थेट स्नायुबंधाच्या दुखऱ्या जागी दिला तेथे अल्पकाळाचा स्पष्ट फायदा दिसला, तर इतर बहुतेक पद्धतींत तो दिसला नाही. बिंदू चुकला की उपचार चुकला, इतका हा भाग नाजूक आहे.

जास्त वॅट म्हणजे जास्त गुण, हे समीकरण येथे लागू पडत नाही. पेशींवरील प्रयोगांत ठरावीक मात्रेपर्यंत परिणाम वाढतो, त्यानंतर ओसरतो आणि फार झाल्यास दुरुस्तीचे काम उलट मंदावते, असे वारंवार दिसले आहे. शिवाय 500 मिलिवॅटच्या वरचे लेसर सुरक्षेच्या दृष्टीने चौथ्या, सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. ते त्वचा तापवू शकतात, म्हणून त्यांचा प्रोब सतत फिरता ठेवावा लागतो. त्यांनी बरे वाटते ते काही अंशी उष्णतेमुळेही असू शकते. असे यंत्र घरात, अप्रशिक्षित हातांत नसावे. सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने ती प्रकाश अधिक शोषते आणि लवकर तापते, हे विशेषतः जोरकस यंत्रांच्या बाबतीत ध्यानात ठेवावे.

एलईडीच्या विरुद्ध असलेला पूर्वग्रह आता बराच मावळला आहे. लेसरच्या किरणांत जी शिस्तबद्ध सुसंगती असते, ती ऊतींत शिरल्यावर विखुरण्यामुळे लवकरच नाहीशी होते. त्यामुळे तरंगलांबी आणि पोहोचलेली ऊर्जा सारखी असेल तर एलईडीकडूनही परिणामाची अपेक्षा करता येते. लेसर आणि एलईडी दोहोंना सामावणारा 'फोटोबायोमॉड्युलेशन' हा शब्द संशोधनात रूढ झाला तो याच कारणाने. अडचण असते ती पट्ट्यांच्या वर्णनाची. दिव्यांची संख्या छापतात, पण तरंगलांबी आणि दर चौरस सेंटिमीटरची शक्ती छापत नाहीत. हे दोन आकडे जो विक्रेता लेखी देऊ शकत नाही, त्याचे यंत्र घेऊ नये असे मी निःसंकोच सांगेन. 'एफडीए क्लिअर्ड', म्हणजे अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक संस्थेने विक्रीस मोकळीक दिलेले, हे शब्दही जपून वाचावेत. आधीपासून बाजारात असलेल्या तत्सम उपकरणाइतके हे सुरक्षित व परिणामकारक आहे, एवढाच त्यांचा अर्थ सहसा असतो. जाहिरातीतील प्रत्येक आजारावर ते सिद्ध झाले आहे, असा नव्हे.

प्रश्न : वर्षभरापासून मान दुखते. लेसरने कायमची बरी होईल का?

उत्तर : कायमची, असे वचन देता येणार नाही. जुनाट मानदुखीवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा 2009 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. त्यात 16 चाचण्या व 820 रुग्ण होते आणि उपचार संपल्यानंतर 22 आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचे दिसले. जुनाट कंबरदुखीसाठीही अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये औषधांआधी वापरून पाहण्याच्या पर्यायांत व्यायाम, योग इत्यादींबरोबर कमी शक्तीच्या लेसरचा समावेश केला, मात्र त्यामागील पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही नमूद केले. मानेबरोबर हातात बधिरपणा वाढत असेल, पकड सैल होत असेल, चालताना तोल जात असेल, ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर लेसर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे. तिच्या तळपायाची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. लेसरने जखमा लवकर भरतात असे वाचले. तिला द्यावा का?

उत्तर : प्रथम जे अधिक निकडीचे आहे ते सांगतो. मधुमेही व्यक्तीच्या पायाची दोन महिन्यांची जखम ही पायाच्या रक्तपुरवठ्याची, संसर्गाची आणि जखमेवर पडणाऱ्या भाराची तपासणी मागणारी स्थिती आहे. बधिर पायावर चालताना दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जागी रोज भार देत राहतो आणि भरू पाहणारी जखम रोज उकलते. तो भार विशिष्ट बूट किंवा साच्याने काढणे, मृत ऊती काढून टाकणे, साखर आटोक्यात आणणे आणि धमनी अरुंद झाली असल्यास रक्तप्रवाह पूर्ववत करणे, यांतील एकही गोष्ट प्रकाशाने होत नाही.

हे सर्व नीट चालू असताना पूरक म्हणून लेसर दिल्यास जखमेचे क्षेत्रफळ लवकर घटल्याचे काही लहान चाचण्यांत आढळले आहे. त्या उत्साहवर्धक आहेत, पण त्यांच्या जोरावर सर्वांना शिफारस करावी इतक्या भक्कम नाहीत. शिरांच्या दोषामुळे पायावर होणाऱ्या व्रणांच्या बाबतीत तर उपलब्ध चाचण्यांतून फायदा सिद्ध झालेला नाही. मेस्टर यांनी ज्या जखमांपासून सुरुवात केली, तेथेच पुरावा आज तोकडा आहे आणि सांधे-स्नायूंच्या दुखण्यात तो त्यामानाने बरा आहे, हे या शाखेचे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

आईंचा पाय लाल, गरम किंवा सुजलेला असेल, जखमेला दुर्गंधी असेल किंवा बोट काळे पडत असेल, तर हा अंक वाचून होण्याची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : वडिलांना घशाचा कर्करोग असून रेडिएशन सुरू होणार आहे. तोंड येऊ नये म्हणून तोंडात लाल प्रकाश देण्याचे तेथील डॉक्टरांनी सुचवले आहे. पेशींची वाढ करणाऱ्या प्रकाशाने कर्करोगच वाढला तर?

उत्तर : आपली भीती तर्काला धरून आहे आणि डॉक्टरांना ती न संकोचता विचारायला हवी. मात्र त्यांनी सुचवलेला वापर या संपूर्ण विषयातील सर्वांत चांगला पुरावा असलेला आहे, हेही सांगायला हवे. रेडिएशन व केमोथेरपीमुळे तोंडाच्या आतील अस्तर सोलवटते, व्रण पडतात, गिळणे अशक्य होते आणि कधीकधी त्यापायी कर्करोगाचा उपचारच मध्ये थांबवावा लागतो. हे टाळण्यासाठी कमी शक्तीचा लेसर वापरण्यास ब्रिटनच्या 'नाइस'ने 2018 मध्ये मान्यता दिली. कर्करोगातील सहायक उपचारांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही डोके व मानेच्या रेडिएशनच्या तसेच मूलपेशी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी तोंड येण्यास प्रतिबंध म्हणून त्याची शिफारस केली आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी 'देऊ नका' म्हणणारी संस्था येथे 'द्या' म्हणते, यावरूनच दिसते की लेसर चांगला की वाईट हा प्रश्न आजार कोणता ते ठरवल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

कर्करोगाच्या वाढीविषयी : आतापर्यंत उपलब्ध असलेल्या पाठपुराव्यात प्रकाश दिलेल्या रुग्णांत रोग अधिक प्रमाणात उलटल्याचे दिसलेले नाही. तरीही प्रयोगशाळेतील काही निष्कर्ष संमिश्र असल्याने प्रत्यक्ष गाठीवर प्रकाश टाकणे टाळतात आणि शक्यतेची कल्पना रुग्णाला आधी देतात. प्रकाश कोणत्या भागावर देणार, गाठीची जागा वगळणार का आणि रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून देणार का, एवढे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. हा उपचार व्रण पडण्याआधीच सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतो. कर्करोगतज्ज्ञांच्या देखरेखीबाहेर, घरच्या यंत्राने मात्र हे कदापि करू नये.

काही छोटे प्रश्न

*दुखऱ्या भागापासून डोळे लांब असतात, मग चष्मा कशाला?* कारण परावर्तित किरणही धोक्याचा असू शकतो. दिसणाऱ्या झगमगाटापुढे पापणी आपोआप मिटते, परंतु अवरक्त किरण दिसतच नसल्याने ती मिटत नाही आणि दृष्टिपटलाला इजा झाल्याचे नंतर कळते. चष्मा त्या यंत्राच्या तरंगलांबीसाठी बनवलेला असावा लागतो. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. उपचार देणाऱ्यानेही तो घातला पाहिजे आणि खोलीतील आरसा झाकलेला असावा.

*गरोदरपणात घेता येतो का?* पोटावर आणि कंबरेच्या त्या पातळीवर देत नाहीत. अपाय झाल्याचे सिद्ध झाले म्हणून नव्हे, तर पुरेसा अभ्यास झालेला नाही म्हणून. अन्य भागासाठी आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारावे.

*सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन नुकतेच घेतले आहे, त्यानंतर लेसर घ्यावा का?* दोन्हींचे काम दाहाशीच निगडित आहे आणि स्टेरॉइडमुळे लेसरचा परिणाम कमी होऊ शकतो असे संकेत आहेत. शिवाय दोन्ही एकाच आठवड्यात घेतले तर आराम कशाने पडला हेही कळणार नाही. काही आठवड्यांचे अंतर ठेवणे बरे.

*खांद्यावर गोंदलेले आहे. अडचण येईल का?* येऊ शकते. गडद शाई प्रकाश शोषून तापते आणि जोरकस यंत्राने तेथे भाजू शकते, म्हणून प्रोब गोंदणाच्या बाजूच्या त्वचेवर टेकवावा आणि उपचारापूर्वी तसे सांगून ठेवावे. ल्युपस किंवा पॉर्फिरियासारखा उन्हाने बळावणारा आजार असल्यास, अथवा त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे चालू असल्यास, गोळ्यांची पूर्ण यादी पहिल्याच सिटिंगला घेऊन जावे.